पाचव्या अंकातला राजा

सुकलालला सुरतेच्या मराठी मंडळाच्या नाटकात बावीस वर्षं कुणी पाहिलंच नव्हतं, आणि त्यात गैर काहीच नव्हतं, कारण जो दिसला तो प्रॉम्प्टर कसला? विंगेत पडद्याच्या दोरीशेजारी खोक्यावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही ठेवायची आणि बँकेतली, शाळेतली, कचेरीतली माणसं राजेराण्या होऊन रंगमंचावर गडबडली की त्यांना शब्द पुरवायचे. टाळ्या त्यांना. सुकलालला नाटक संपल्यावर कागदी प्लेटमधले बटाटेवडे, तेही नट मंडळींचं झाल्यावर.

तो गोडादऱ्याच्या कामगार वस्तीत राहायचा आणि तिथल्याच एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात मास्टर होता. मास्टर म्हणजे शिकवणारा नव्हे, बंद पडलेल्या मशिनी चालू करणारा. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात, आणि खात्यात शंभर मशिनी एकदम खडखडायला लागल्या की बाजूच्या माणसाच्या कानात ओरडूनही उपयोग नसतो. तिथली माणसं नुसत्या ओठांनी बोलतात. आवाज न काढता ओठ हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे आणि मान हलवायची. सुकलालने हीच विद्या विंगेत आणली होती. इतर मंडळांचे प्रॉम्प्टर कुजबुजतात आणि ते चौथ्या रांगेपर्यंत ऐकू जातं. आमच्या सुकलालचा नुसता ओठ हलायचा. नट विंगेकडे डोळा टाकायचा, वाक्य उचलायचा आणि पुढे जायचा, की प्रेक्षकांना वाटायचं काय पाठांतर आहे साहेबांचं.

पण ही विद्या त्याला फुकट मिळालेली नव्हती. सोळाव्या वर्षी तो धुळ्याकडच्या एका खेड्यातून सुरतेला आला, तेव्हा त्याच्या तोंडात अहिराणीशिवाय दुसरं काही नव्हतं. मंडळात पहिल्यांदा त्याने वही वाचून दाखवली तेव्हा लोक तोंडावर रुमाल धरून हसले होते. माधवीबाईंनी मात्र त्याला बाजूला घेतलं. बाई मराठी शाळेत शिक्षिका, नाटकात कायमच्या राणी. त्यांनी दोन वर्षं दर रविवारी त्याला समोर बसवून एकेक वाक्य म्हणून घेतलं. जीभ अशी वळव, श्वास इथे घे, या शब्दावर थांबू नकोस, अर्थ तुटतो. शिकवणं त्यांचं आणि राबणं याचं. खात्यात मशिनींच्या खडखडाटात तो पूर्ण आवाजात भाषणं म्हणायचा. कुणाला ऐकू जाण्याची भीतीच नव्हती.

त्यातलं एक भाषण त्याच्या जिवाचं होतं. मंडळ दर तीन-चार वर्षांनी 'संगीत मुद्राहरण' करायचं. शंभर वर्षांपूर्वीचं नाटक, पाच अंकी. राजा उदयसेन आपली राजमुद्रा हरवून बसतो, राज्य जातं, राणी चारुमती त्याच्या मागे वनात जाते, आणि पाचव्या अंकात मुद्रा परत मिळाल्यावर तो ती नदीत टाकून देतो. तेव्हाचं ते भाषण: "मुद्रे, तुझ्या भाराने वाकलेला हा हात आज मोकळा झाला. ज्या बोटात तू होतीस, त्याच बोटाने किती निरपराधांच्या कपाळी मी मृत्यू लिहिला. आता हे बोट कोणत्याही आज्ञापत्रावर उठणार नाही. प्रजाजनहो, मला राजा म्हणून विसरा. मनुष्य म्हणून एकदा, एकदाच, माझ्याकडे पाहा." हे भाषण मंडळाचे अध्यक्ष अविनाशराव म्हणायचे. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, आवाज भारदस्त, पण 'आज्ञापत्रावर' आलं की हमखास विंगेकडे बघायचे. सुकलालला एकच हाव होती. आयुष्यात एकदा ते भाषण आपण रंगमंचावर उभं राहून म्हणावं, जसं लिहिलंय तसं, आणि लोकांनी ते ऐकावं. बास. याहून जास्त त्याने देवाकडेही मागितलं नव्हतं.

मग केदार आला.

केदार सुरतेचाच, पण पुण्यात नाटकाचं रीतसर शिक्षण घेऊन आलेला, वय बत्तीस, दाढी, खांद्याला झोळी. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांची नाट्यस्पर्धा त्या वर्षी सुरतेत होती, अट एकच, नाटक जुनं अभिजात हवं. मंडळाने 'मुद्राहरण' ठरवलं आणि दिग्दर्शनाला केदारला बोलावलं. पहिल्याच बैठकीत त्याने तासभर सांगितलं की जुनं नाटक जसंच्या तसं करणं म्हणजे मढ्याला पावडर लावणं. आजच्या माणसाला राजाशी काय देणंघेणं? सिंहासन गेलं. मुकुट गेले. गाणी गेली, एक ठेवलं, तेही संथ. उदयसेन आता राजा नव्हता, स्वतःला राजा समजणारा लूमचा कारीगर होता. सिंहासनाच्या जागी कापडाचे तागे. सगळ्यांना काळे कुर्ते. म्हातारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली, पण पोरगा बोलत छान होता, आणि खरं सांगायचं तर त्याचं सगळंच काही वेडगळ नव्हतं. तागे रचून तो नुसता त्यांच्यावर प्रकाश टाकायचा तेव्हा अंगावर काटा यायचा.

शेवटी तो म्हणाला, "आणि माझ्या नाटकात प्रॉम्प्टर नाही. प्रॉम्प्टिंग हा मराठी नाटकाला जडलेला रोग आहे. विंगेत कोणी दिसता कामा नये."

सगळ्यांनी सुकलालकडे पाहिलं. सुकलालने वही मिटली. बावीस वर्षांचा हिशेब असा एका वाक्यात चुकता झाला, आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एका माणसानेही तोंड उघडलं नाही. माधवीबाईसुद्धा मूग गिळून बसल्या.

तालमी सुरू झाल्या तरी सुकलाल जातच राहिला. संध्याकाळी खातं सुटलं की पाय आपोआप तिकडे वळायचे. पर्वत पाटियाच्या नाक्यावरून शटल म्हणजे शेअरची रिक्षा धरायची, मंडळाच्या हॉलवर उतरायचं, चहा आणायचा, तागे उचलायचे. दहा-बारा दिवसांनी अविनाशरावांचा गुडघा दुखावला, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि राजा गेला. स्पर्धेला दीड महिना उरलेला. केदार डोकं धरून बसला होता. त्याच वेळी कोपऱ्यात सुकलाल बायकोला फोनवर सांगत होता, "तारा, भाकर झाकी ठेव. आज माले येळ व्हई."

केदारने मान वर केली. उठून जवळ आला. "सुकलालभाऊ, हे काय बोललात आत्ता? परत बोला."

सुकलाल ओशाळला. "काही नाही सर. घरचं बोलणं ते."

"हेच हवंय मला," केदार म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "उदयसेन तुम्ही करणार."

माणूस एका क्षणात किती मूर्ख होऊ शकतो बघा. सुकलालला त्यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. घरी जाऊन त्याने ताराला सांगितलं. ती साडीला खडे चिकटवायचं घरबसल्याचं काम करत बसली होती, तिने हातातली डिंकाची नळी खाली ठेवली.

"राजा? तुम्ही राजा व्हनात?"

"हा. मुख्य." मग हसून तो म्हणाला, "भाषण मी बोलसू. सगळं."

ती उठली आणि तिने शिरा केला. त्या घरात गोड व्हायला कारण लागायचं, आणि याहून मोठं कारण बरेच दिवस झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संहिता हातात पडली. राणीची वाक्यं जुनीच, प्रधानाची जुनीच, राजाच्या वाक्यांवर आडव्या रेघा मारलेल्या आणि बाजूला केदारच्या अक्षरात: 'सुकलाल स्वतःच्या भाषेत'. पाचव्या अंकाचं पान अख्खं खोडलेलं होतं.

"सर, हे भाषण?"

"तेही तुमच्या भाषेत."

"माझी भाषा हीच आहे सर. बावीस वर्षं मी…"

"नाही सुकलालभाऊ." केदार समजुतीने बोलत होता, मुलाला समजवावं तसं. "ती तुमच्यावर लादलेली आहे. ती तुम्ही बोललात की अविनाशकाकांची नक्कल वाटते. तीसुद्धा जरा बरी नक्कल. मला खरा माणूस हवाय."

सुकलालने ते खोडलेलं पान मिटलं. नक्कल म्हणे. अविनाशराव 'आज्ञापत्रावर' अडखळले की तो शब्द त्यांच्या तोंडात कोण घालत होतं? पण हे सांगायचं कुणाला? त्याने माधवीबाईंकडे पाहिलं. बाई चष्मा पुसत होत्या. बाहेर पडताना त्या हळूच म्हणाल्या, "मिळतंय ते घे, सुकलाल. इतकी वर्षं विंगेत होतास, निदान उजेडात तरी येशील. मी तरी काय करू, या वयात मला राणी ठेवलीय हेच पुष्कळ." त्याही आपली जागा सांभाळून होत्या. दोष कुणाला द्यायचा?

त्याने ते घेतलं. मनाशी म्हणाला, आधी आत तर शिरू, मग सरांना गळ घालू. आणि झटून कामाला लागला. चार रात्री ताराजवळ बसून त्याने राजाचं सगळं बोलणं अहिराणीत बसवलं. तारा शब्द द्यायची, तो लिहायचा. पाचव्या अंकाचं भाषणही केलं. "मुद्रा हातमा व्हती, तवय सारा लोके मनाकडे देखेत. आते हात रिकामा शे. आते मी मनाकडे देखस." तारा म्हणाली, आपला आजा असाच बोलायचा, हळू आणि थांबून. सुकलालला जुनं भाषण हवं होतं ते हवंच होतं, पण हेही त्याला आवडलं. यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं.

केदारने ते ऐकलं आणि नाक मुरडलं. "फार सभ्य आहे. कारीगर असा बोलतो का? संताप कुठेय? घाम कुठेय?" मग त्यानेच त्यात दोन शिव्या घातल्या, तीन ठिकाणी थुंकायला लावलं, 'शे'च्या, म्हणजे 'आहे'च्या, जागी प्रत्येक वेळी 'शेऽऽ' असं ओढायला सांगितलं. सुकलालने घरी तालीम करून दाखवली तेव्हा ताराचा चेहरा उतरला.

"आपला घरमा असं कोन बोलस?" ती म्हणाली. "मना बाप कधी असा बोलना नही."

 शुद्ध बोलला तर नक्कल, आणि घरचं बोलला तर सभ्य. म्हणजे याच्या तोंडून खरं असं निघूच शकत नव्हतं, जोवर केदार ते लिहून देत नाही तोवर. स्पर्धेच्या आठ दिवस आधी त्याने एकदा शेवटचं विचारलं. "सर, बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं. फक्त ते एक भाषण जसं आहे तसं म्हणू द्या."

"तो विषय संपलाय," केदार म्हणाला.

प्रयोगाच्या दिवशी दुपारचं नाटक होतं. हॉल भरला होता. गोडादऱ्याहून दोन रिक्षा भरून माणसं आली होती, तारा दुसऱ्या रांगेत नवी साडी नेसून बसली होती. पहिल्या अंकापासून हशा सुरू झाला. सुकलाल थुंकला की हशा, 'शेऽऽ' म्हटलं की हशा. पुढच्या रांगांमधली मंडळी हसत होती ते कौतुकाने, असं केदारचं म्हणणं. गोडादऱ्याची माणसं मात्र हसत नव्हती, खाली बघत होती. सुकलालला रंगमंचावरून ताराचं डोकं दिसत होतं. ते चार अंक वाकलेलंच होतं.

पाचवा अंक आला. ताग्यांच्या ढिगावर राजा, समोर राणी. राजाच्या भाषणाआधी राणीची सहा वाक्यं होती, जुन्या भाषेतली. माधवीबाई तीन बोलल्या आणि थांबल्या. शब्द गेला. इतक्या वर्षांची सवय, बाईंची मान वळली विंगेकडे, आणि विंगेत कोणीच नव्हतं. नुसता काळा पडदा. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी घाबरून राजाकडे पाहिलं.

आणि सुकलालचे ओठ हलले. त्याने ठरवलं नव्हतं. समोर नट अडला की ओठ हलायचे, एवढंच त्या ओठांना माहीत होतं. "नाथ, ही मुद्रा म्हणजे…" बाईंनी वाचलं, उचललं. पुढचं वाक्यही त्यानेच दिलं, आवाज न करता, हजार माणसांच्या देखत, पूर्ण प्रकाशात. तिसरंही दिलं. बाईंचं बोलणं संपलं आणि आता राजाची पाळी. सुकलालच्या तोंडात त्या क्षणी जुनी वही चालू होती. ती थांबलीच नाही.

"मुद्रे," तो म्हणाला, "तुझ्या भाराने वाकलेला हा हात आज मोकळा झाला."

स्वतःचा आवाज ऐकून तो दचकला, पण मग मागे फिरला नाही. बावीस वर्षांचं साठलेलं होतं. एकेक शब्द जागच्या जागी पडत गेला. घाई नाही, ओढणं नाही, थुंकणं नाही. 'आज्ञापत्रावर' पाण्यासारखं गेलं. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. "प्रजाजनहो, मला राजा म्हणून विसरा. मनुष्य म्हणून एकदा, एकदाच, माझ्याकडे पाहा." माधवीबाई रडत होत्या, आणि ते रडणं बसवलेलं नव्हतं. दुसऱ्या रांगेत ताराने डोकं वर केलं होतं. पडदा पडला आणि टाळ्या थांबेनात.

सुकलाल आत आला तेव्हा केदार संतापाने काळानिळा झाला होता. "तुम्ही माझं नाटक मारलंत," एवढंच बोलला. सुकलाल म्हणाला, "चुकलं सर." पण मनातून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. हवं ते झालं होतं. त्याला वाटलं, आता मेलो तरी चालेल.

बिचारा. संध्याकाळी निकाल होता.

तीन परीक्षकांपैकी जे सर्वात विद्वान होते ते माइकसमोर आले. म्हणाले, अशी दिग्दर्शकीय दृष्टी त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नाही. राणी बोलण्याआधी राजाचे ओठ हलतात, म्हणजे सत्ता स्त्रीच्या तोंडात शब्द कसे घालते, हे किती सूचक. आणि मग तो अडाणी कामगार एकाएकी उच्चभ्रूंच्या उसन्या भाषेत बोलू लागतो. त्याच्या तोंडी ती भाषा इतकी परकी, इतकी पोकळ वाटते, की शहारे येतात. हा अभिजात नाटकाचा आजचा अर्थ. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शन, केदार. सर्वोत्कृष्ट प्रयोग, सुरतचं मंडळ. अंतिम फेरी पुण्यात.

केदार स्टेजवर गेला. एक क्षणभर, फक्त एकच क्षण, त्याने खाली बसलेल्या सुकलालकडे पाहिलं. मग माइक हातात घेऊन म्हणाला, "ती जागा आम्हाला तालमीत सापडली." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. सुकलालला अभिनयाचं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं.

पोकळ. हा शब्द तो घरी जाईपर्यंत तोंडात घोळवत होता. इतक्या माणसांनी ऐकलं, आणि ऐकलं ते काय?

पुढच्या सोमवारी केदार फारच गोड झाला होता. सुकलालला त्याने खुर्ची दिली, चहा दिला. "भाऊ, ते भाषण आपण ठेवतोय. तुमचंच बरोबर होतं. फक्त एक करू. परीक्षकांशी मी नंतर बोललो. त्यांना वाटलं, भाषण जरा जास्तच सफाईदार झालं. पुण्यात लोक म्हणतील हा कामगार नाहीच, नट आणलाय. तेव्हा दोन ठिकाणी अडायचं. 'आज्ञापत्रावर'ला एकदा, आणि 'विसरा' म्हटल्यावर. तिथे शब्द गिळायचा. तोंडात मावत नाही असं दिसलं पाहिजे. मग जमेल तसं पुढे."

"मी अडत नाही सर," सुकलाल म्हणाला.

"माहितीये हो. म्हणून तर सांगतोय."

"नाही सर. हे एक मी करणार नाही."

त्याने ते आवाज न चढवता सांगितलं. केदारने समजावलं, अविनाशराव गुडघ्याला पट्टा बांधून आले आणि त्यांनी मंडळाच्या इज्जतीची गोष्ट काढली. माधवीबाई म्हणाल्या, "दोन शब्दांचा तर प्रश्न आहे रे." ज्यांनी ते शब्द दोन वर्षं घासून घेतले त्यांनी असं म्हणावं, म्हणजे हात टेकले. सुकलाल उठला आणि चपला घालून बाहेर पडला. मागून कोणी आलं नाही.

उदयसेन मग नितीनने केला. नितीन बँकेत अधिकारी, नाटकात प्रधान व्हायचा, पोरगा स्वभावाने चांगला. त्याने प्रयोगाचं रेकॉर्डिंग पाहून पाहून सुकलालची सगळी लकब उचलली, खांदा पाडून चालणं, मान तिरकी धरणं, सगळं. एकदा फोन करून नम्रपणे विचारलंही, "भाऊ, 'भाकर' म्हणता की 'भाकरी'?" सुकलालने सांगितलं. न सांगून काय करणार होता?

पुण्याचा प्रयोग झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. नाटकाला दुसरा नंबर, नितीनला अभिनयाचं पहिलं. रविवार होता. सुकलाल दारात खुर्ची टाकून बघत बसला. नितीन भाषण म्हणत होता, अडायचं तिथे बरोबर अडत होता, शब्द गिळत होता, आणि पुण्याचे लोक श्वास रोखून ऐकत होते. शेवटी मुलाखत. निवेदिकेने विचारलं, ही भूमिका कशी उभी केलीत? नितीन हात जोडून म्हणाला, "हे श्रेय माझं नाही. आमच्या मंडळात सुकलालभाऊ म्हणून एक कारीगर आहेत. साधा माणूस. मी फक्त त्यांचं बोलणं उचललं. त्यांच्या चुका मी जशाच्या तशा ठेवल्यात." सभागृहाने त्या साध्या माणसासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

सुकलालने व्हिडिओ मागे घेतला आणि पुन्हा लावला. मग पुन्हा. दिवसभरात कितीदा पाहिला कोण जाणे. संध्याकाळी तारा त्याच्याजवळ येऊन बसली आणि तिनेही एकदा पाहिला.

"तुम्ही असं बोलनात का त्या दिवशी?" तिने विचारलं.

"नही."

"मंग हाऊ असं काबर सांगस?"

 ताराने त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि पालथा ठेवला. "तुम्ही बोला," ती म्हणाली. "तुमनं. माले आयकनं शे."

नको नको म्हणता तो उभा राहिला. गळा साफ केला. गल्लीत पोरं खेळत होती, शेजारच्या घरात गुजराती मालिका चालू होती. त्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली. "मुद्रे, तुझ्या भाराने वाकलेला हा हात आज मोकळा झाला." आवाज तोच होता. तारा मान हलवत ऐकत होती. पुढे 'आज्ञापत्रावर' आलं आणि त्याची जीभ अडली. जरा कुठे, केसभर. तो घाईने पुढे गेला. "प्रजाजनहो, मला राजा म्हणून विसरा."

तो थांबला. घोट गिळला. पुढचं वाक्य समोर होतं, रोजचं, बावीस वर्षांचं, पण ते यायच्या आधी नितीनचा तिरका चेहरा यायचा, आणि त्याच्या मागे पुण्याचं सभागृह, श्वास रोखून, याच्या अडण्याची वाट बघत. त्याने पुन्हा 'विसरा' म्हटलं. पुन्हा तिथेच अडला.

 ताराने हळूच विचारलं, "फुडे काय शे?"

"काही नही," सुकलाल म्हणाला, आणि खाली बसला.